सांगली स्वस्त आहे, पण कुणासाठी?

पत्र असं आहे:

‘काकू, नमस्कार. मी मूळचा पलूसजवळच्या एका खेड्यातला. कॉलेज सांगलीत झालं आणि गेली चौदा वर्षं पुण्यात आहे. वाकडला टू बीएचके घेतलाय, त्याचा हप्ता चालू आहे. मी आयटीत आहे. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिलीय, पंधरवड्यातून दोन दिवस ऑफिसात तोंड दाखवलं की झालं. बायको बाणेरच्या एका कंपनीत पेरोलचं काम बघते. मुलगी सहावीत आहे. ट्रॅफिक, टँकरचं पाणी, शाळेची फी, सगळ्याला विटलोय. सांगलीत विश्रामबागला भाड्यानं घर घेऊन राहावं असं मनात आहे. दोन्हीकडच्या महिन्याच्या खर्चाची एक्सेल शीट केलीय, ती सोबत जोडतोय. पुण्यात १ लाख २४ हजार, सांगलीत ६४ हजार. महिन्याला ६० हजार वाचतात. एक मित्र शहराच्या कडेला गुंठेवारीतला प्लॉटही स्वस्तात मिळवून देतोय. बायकोला काही पटत नाही. आई ७१ वर्षांची आहे, गावात एकटीच असते. तुम्हीच सांगा, आकडे खोटं बोलतात का?’

आणि त्याखाली, वेगळ्या हातानं लिहिलेलं: ‘काकू, शीट मी पण बघितली. माझ्या पगाराच्या ओळीत “तात्पुरता बंद” असं लिहिलंय. एवढंच सांगायचं होतं.’

नमस्कार.

तुमच्या शीटचा प्रिंट काढून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरून, पेन्सिल घेऊन बसले. बँकेत एकतीस वर्षं लोकांची कर्जप्रकरणं तपासली, त्यामुळे कुणी आकड्यांचा कागद पुढे ठेवला की हात शिवशिवतात. आकडे खोटं बोलत नाहीत. पण आकडे मांडणाऱ्याला आधीच कुठे जायचंय हे ठरलेलं असलं, की ते त्याच्या कलानं उभे राहतात. तुमचे तसे उभे राहिलेत.

पहिलीच ओळ घ्या. पुण्याच्या रकान्यात घराचा हप्ता ३९ हजार आणि सोसायटीचा मेंटेनन्स साडेचार हजार. सांगलीच्या रकान्यात त्याच ओळीत १३ हजार भाडं, बास. बाजूला बारीक अक्षरात टीप: ‘फ्लॅट भाड्यानं देऊ, हप्ता त्यातून जाईल.’ अहो, भाडं तुम्हीच ३० हजार धरलंय आणि हप्ता ३९ चा आहे. वरचे नऊ हजार कोण भरणार? मेंटेनन्स घरमालकाच्या गळ्यात असतो, म्हणजे ते साडेचारही तुमचेच. भाडेकरू बदलताना वर्षातला एखादा महिना घर रिकामं राहतंच, ते नुकसान बारा महिन्यांवर पसरलं तर आणखी अडीच हजार. (भाडं तुमच्या उत्पन्नात धरलं जातं, त्यावरचा कर मी मोजलेलाच नाही.) एका ओळीत सोळा हजार निसटले. साठाचे चव्वेचाळीस झाले.

कर्जाला गाव नसतं. माणूस कुठेही राहायला गेला तरी हप्ता त्याच्या मागोमाग येतो.

आता एक जुनी गोष्ट सांगते, ती या सगळ्याच्या मुळाशी आहे. आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या पगारपत्रकात दोन वेगळे भत्ते असायचे. महागाई भत्त्याचा टक्का पुण्यातल्या कर्मचाऱ्याला जेवढा, तेवढाच सांगलीतल्याला आणि तेवढाच एखाद्या तालुक्याच्या गावातल्यालाही. बदलायचा तो फक्त घरभाडे भत्ता. त्यासाठी सरकारनं शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग पाडलेत. पुणे एक्स वर्गात, सांगली वाय वर्गात. सातव्या वेतन आयोगात महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला तेव्हा या तीन वर्गांचा घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के झाला. याचा अर्थ काय? डाळ-तांदूळ, साबण, कपडे, औषधं यांचा खर्च देशभर एकाच दरानं वाढतो असं सरकारनं धरून चाललंय, आणि गावागावांत खरा फरक पडतो तो छपराचा. हिशेब जरा ढोबळ आहे, पण मला तो बराचसा पटतो. पुणं सोडून सांगलीला आल्यावर खरं स्वस्त होतं ते घर. आणि तुमच्या बाबतीत नेमकं तेच अर्धवट स्वस्त होतंय, कारण महागडं घर तुम्ही आधीच विकत घेऊन बसलात.

बाकीच्या ओळी पटापट बघू. वीज महावितरणची. पुण्यातही तीच आणि इथेही तीच, युनिटचा दर एकच. इंटरनेट, मोबाइल, विम्याचे हप्ते, गाडीचं सर्व्हिसिंग यांत नाव घ्यावा असा फरक नाही. किराणा तुम्ही १७ हजारांचा १२ वर आणलाय. भाजी इथे स्वस्त आणि ताजी मिळते, यात वाद नाही. कृष्णाकाठची वांगी खाल्लेल्या माणसाला पुण्यातली वांगी गिळवत नाहीत, हेही तुम्हाला मी सांगायला नको. पण तुमच्या यादीतला निम्मा किराणा पाकिटातला आहे, आणि पाकिटावर छापलेली किंमत सांगलीच्या वाटेवरचा पेठ नाका ओलांडला म्हणून उतरत नाही. हॉटेल, सिनेमा, मॉल यांचे १२ हजार तुम्ही पाचावर आणलेत. पहिल्या वर्षी हे होत नसतं. नव्या गावात करमत नाही तेव्हा माणूस जास्त बाहेर पडतो. या दोन ओळींत मी तुम्हाला साडेपाच हजार परत खर्चाला लावलेत. कामाच्या मावशींचे पैसे आणि पेट्रोल तुम्ही कमी केलंत, ते बरोबर आहे. शाळेची फीसुद्धा मान्य.

एक ओळ मात्र शीटमध्ये नाहीच. पंधरवड्यातून एकदा पुणे. आष्टा, पेठ नाका, कराड, सातारा करत जाऊन-येऊन साधारण ४६० किलोमीटर होतात. वाटेत तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे तीन टोलनाके, तेही दोन्ही बाजूंनी. शंभराच्या पुढचं पेट्रोल आणि वाटेतलं जेवण धरलं तर एक खेप चार हजारांच्या आत बसत नाही. रात्री राहणार कुठे? स्वतःच्या घरात तर भाडेकरू असेल. मित्राकडे पहिले तीन महिने सोफा मिळतो, नंतर त्याच्या बायकोचा चेहरा वाचावा लागतो. महिन्याला दोन खेपा आणि दोन रात्री मिळून अकरा हजार धरा. रेल्वेनं स्वस्त पडेल. रात्री महालक्ष्मीत बसलात तर उजाडायच्या आधीच पुण्याच्या फलाटावर डोळे चोळत उतराल. २०२४ च्या सप्टेंबरपासून हुबळीची वंदे भारतही सांगलीला थांबते, पण ती रोजची नाही आणि तुमच्या सकाळच्या मीटिंगच्या वेळेला ती पुण्यात पोचत नाही. रस्त्यानं जाणार असाल तर सातारा-कागल सहापदरीकरणाची वळणं-आडवळणं आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला तोंडपाठ झालीत. तुम्हालाही होतील.

चव्वेचाळीसमधून अकरा गेले, साडेपाच गेले. उरले साडेसत्तावीस.

आणखी एक ओळ पुण्यात बसून कुणालाच सुचत नाही. तुमचं गाव पलूसजवळ. सगळं गणगोत पलूस, तासगाव, किर्लोस्करवाडी भागात. तुम्ही येणार विश्रामबागला. आणि विश्रामबाग आहे सांगली-मिरज रस्त्यावर. आता मिरज म्हणजे काय हे मी सांगायला पाहिजे का? डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि आज गल्लोगल्ली दवाखाने. आपल्या जिल्ह्यातलेच नाहीत, अथणी-बेळगावकडचे पेशंटही मिरजेला येतात. तुमच्या चुलत्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठे होणार? मिरजेला. मावसभावाच्या बायकोचं बाळंतपण अडलं तर कुठे आणणार? मिरजेला. आणि डबा कुठून जाणार? तुमच्या घरून. रात्रीची सोबत करून आलेला माणूस आंघोळीला कुठे येणार? तुमच्याकडे. रिपोर्ट आणायला गाडी कुणाची? तुमची, कारण ‘तो तर घरीच असतो की, कॉम्प्युटरवर.’

हे मी कुरकुरत सांगत नाहीये. माझी आई गेली तेव्हा शेवटचे अकरा दिवस अशाच एका घरातून डबा यायचा आणि त्या घराचं ऋण माझ्यावर अजून आहे. पण हा खर्च आहे. पैशाचा, वेळेचा, आणि तो डबा करणाऱ्या हातांचा. शिवाय लग्नांचे आहेर, जत्रा, बारशी, वास्तुशांती, मयतीला जाणं. पुण्यात असताना ‘सुट्टी मिळाली नाही’ म्हणून निभावतं, इथून निभावणार नाही. या सगळ्याला मी महिन्याला चार हजार लावले आणि हात आखडूनच लावले. साडेतेवीस उरले.

आता त्या ‘तात्पुरता बंद’कडे येते.

तुमच्या पत्नीचा पगार हातात ४६ हजार. तो शीटमध्ये खर्चाच्या खाली, ‘इतर’ या शीर्षकाखाली, फिकट रंगात आहे. साडेतेवीसमधून शेहेचाळीस वजा केले की साडेबावीस हजार उणे येतात. म्हणजे साठ हजारांची बचत म्हणून जे पत्रात आलं, ते माझ्या टेबलावर महिन्याला साडेबावीस हजारांची तूट झालं. दोन्ही आकडे तुमच्याच शीटमधून निघालेत.

याचीच दुसरी बाजू अशी: तिला सांगलीत किंवा घरबसल्या साडेबावीस हजारांचं काम मिळालं तर तुम्ही आज पुण्यात जिथे आहात तिथेच राहाल. ना फायदा, ना तोटा. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. इथून पुढचं सगळं बोलणं या आकड्याभोवती करायचं आहे. पैसे वाचवायला म्हणून हे स्थलांतर होत नाही, हे दोघांनी एकदा मान्य केलंत की मग खऱ्या प्रश्नाला हात घालता येईल: पैसे तेवढेच राहणार असतील तर कुठलं जगणं जास्त बरं?

त्याबद्दल तुमच्या पत्रात दोन गोष्टी मला खटकल्या.

ट्रॅफिकनं तुम्ही विटलात असं लिहिलंय. पण घरून काम तुम्ही करता. वाकड ते बाणेर रोज गाडी मारते ती. जी रोज ट्रॅफिकमध्ये अडकते ती म्हणते इथेच राहू, आणि जो घरी बसतो तो म्हणतो निघू. म्हणजे दुखणं ट्रॅफिकचं नाही, किंवा तिला त्या ट्रॅफिकच्या पलीकडे असं काहीतरी मिळतंय ज्यासाठी ती ते रोज सोसते. काय मिळतं ते तुम्ही विचारलंय का? तिच्या टेबलावरची तिची पाटी, दुपारच्या डब्याच्या मैत्रिणी, महिन्याच्या शेवटी स्वतःच्या नावावर पडणारी रक्कम. पुणं हे तुम्हा दोघांचंही परगाव आहे, तिथे दोघं सारखे. सांगली मात्र तुमचं माहेर आणि तिचं सासर. भाजी घ्यायला गेली तरी ‘अगोबाई, तू पलूसच्या अमक्यांची सून ना?’ असं म्हणणारं कुणीतरी भेटतं. तुम्हाला ते ऊबदार वाटतं. सुनेला ते दर वेळी तसं वाटेल असं नाही. मीही या गावची सूनच आहे. मला जमायला सहा-सात वर्षं लागली, आणि तेव्हा हातात नोकरी होती म्हणून जमलं.

दुसरं म्हणजे तुमची आई. अठरा ओळींची शीट, दीड पानाचं पत्र, आणि आई आली शेवटून दुसऱ्या वाक्यात. ७१ वर्षांची, गावात एकटी. मला वाटतं तुमचं सगळं पत्र त्या एका वाक्यासाठी होतं आणि बाकीचे आकडे त्याच्यापुढे पडदा म्हणून धरलेत. आईच्या जवळ राहायचंय हे कारण साठ हजारांपेक्षा कितीतरी वजनदार आहे. ते लपवायचं कशाला? बायकोला पैशाच्या हिशेबानं गप्प करता येईल असं वाटलं असेल, पण ती पेरोल करते हो, तिनं पहिल्याच नजरेत चूक पकडली. तिला सरळ सांगा, ‘आई थकलीय, मला रात्री झोप लागत नाही.’ ती जे उत्तर देईल ते एक्सेलला दिलेल्या उत्तरापेक्षा वेगळं असेल. तरीही ती नाही म्हणू शकते, तो तिचा हक्क. आणि आईलाही विचारा. गावातलं घर, परसातली जास्वंद, शेजारची सखी सोडून ती विश्रामबागच्या दुसऱ्या मजल्यावर येणार आहे का? बऱ्याच आया येत नाहीत. तसं असेल तर तुम्ही तासाभराच्या अंतरावर असणं तिला पुरेसं आहे का, की आठवड्यातून दोन दिवस मुक्कामी येणारा मुलगा जास्त उपयोगाचा? घरून काम गावातूनही होऊ शकतं. पंधरवड्यातून चार-पाच दिवस तुम्ही गावी राहून लॅपटॉप उघडलात तर निम्मा प्रश्न घर न हलवताच सुटतो. हा पर्याय शीटमध्ये नव्हता म्हणून सांगितला.

समजा सगळ्यांचं ठरलं आणि तुम्ही येताय. मग आता पाण्याबद्दल बोलायला हवं, कारण सांगलीत घराची किंमत रुपयात नंतर आणि फुटात आधी मोजतात.

तुम्ही कॉलेजात होता तेव्हा २००५ चा पूर बघितला असेल कदाचित. त्यानंतर २०१९ आणि २०२१. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांपर्यंत गेलं. आमचं जुनं घर तेव्हा गावभागात होतं. पहिल्या रात्री मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातली कागदपत्रं वरच्या कप्प्यात ठेवली आणि निर्धास्त झोपले. दुसऱ्या दिवशी वरचा कप्पाही गेला. आम्ही बोटीतून निघालो तेव्हा हातात औषधांची पिशवी आणि ह्यांचा चष्मा एवढंच होतं. गंमत बघा, सांगलीत स्वतःचा पाऊस तसा बेताचाच. पाणी येतं ते वरून, कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यातून. इथे लख्ख ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. पुढच्या वर्षी आम्ही विश्रामबागला आलो.

त्यामुळे विश्रामबागची निवड चांगली. विजयनगरची बाजूही चांगली, मिरजेकडे सरकलात तरी हरकत नाही. पण घर बघायला जाल तेव्हा मालकाला किंवा एजंटाला विचारू नका. शेजारच्या घरातल्या आजींना विचारा, ‘एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?’ त्या तोंडानं सांगत नाहीत, भिंतीवर हात ठेवून दाखवतात. आणि तुमचं घर कोरडं राहणार असलं तरी त्या दिवसांत नळाला पाणी, दूध, पेट्रोल, बाहेर जायचा रस्ता यातलं काहीही गृहीत धरता येत नाही. पंधरवड्याची ऑफिसची खेप नेमकी त्या आठवड्यात आली तर कंपनीला काय सांगायचं, तेही आत्ताच ठरवून ठेवा.

आणि तो प्लॉट. मित्राला माझा नमस्कार सांगा आणि वर्षभर प्लॉटचं नावही काढू नका. गुंठेवारी म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय पाडलेले तुकडे. ते नियमित करायला २००१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपुरती वाढवली. पण नियमित होऊ शकतं आणि नियमित झालंय यात जे अंतर आहे, त्यात मी भली भली माणसं अडकलेली बघितलीत. बँकेत असताना असे कागद आले की आम्ही हळूच बाजूला सारायचो. सगळ्याच गुंठेवाऱ्या वाईट नसतात. पण शामरावनगरसारख्या भागात एकदा जुलैत चालून या, चिखलातून चप्पल परत हातात आली तर मग बोलू. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा असते आणि लाल रेषा असते. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००५ ते २०२१ या सोळा वर्षांत आम्ही तीन मोठे पूर बघितले, तेव्हा निळ्या रेषेच्या बाहेर आहे म्हणून खूश होऊ नका.

बरं, आता चांगलं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल काकू गावाची बदनामीच करायला बसल्यात.

विश्रामबागहून गावात जायला पंधरा मिनिटं लागतात, आणि वीस लागली तर आम्ही ‘आज फार गर्दी होती’ म्हणतो. गाव सपाट आहे. तुमची मुलगी सायकलवर क्लासला एकटी जाऊ शकेल, जे वाकडला कुठल्याही पैशात विकत मिळणार नाही. सिटी बस एसटी चालवते, तिच्या भरवशावर राहू नका. वडापची रिक्षा मात्र हात केला की थांबते. डॉक्टर ओळखीचे होतात आणि फोन उचलतात. एक सांगते, आरोग्य विम्याच्या काही पॉलिसी शहरांच्या झोनप्रमाणे असतात. पत्ता सांगलीचा केला की हप्ता कमी होतो, पण नंतर पुण्यात उपचार घेतले तर बिलातला काही वाटा खिशातून भरावा लागतो. पत्ता बदलण्याआधी तुमच्या पॉलिसीत हे कलम आहे का ते वाचा.

संध्याकाळी आमराईत फेरी, मग गणपतीचं देऊळ, कधी हरिपूरला संगमावर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवर याच गावात उभं केलं, आणि नाटकाचं वेड अजून पुरतं उतरलेलं नाही. मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत मुलीला एकदा घेऊन जा, लाकडावर भोपळा बसवताना बघून तिचा रोबोटिक्सचा क्लास बुडाल्याचं दुःख जरा कमी होईल. जरा म्हणते, कारण तसला चांगला क्लास मला इथे माझ्या नातवासाठीही मिळालेला नाही. उन्हाळा कडक आहे. नदीत शेरीनाल्याचं सांडपाणी मिसळतं, हा विषय माझ्या ऐन नोकरीच्या दिवसांपासून निवडणुकांत गाजतोय आणि घरी पाण्याला फिल्टर लावल्याशिवाय भागत नाही. पुस्तकांचं मोठं दुकान, रात्री अकराला मिळणारी कॉफी, कुणी ओळखत नाही अशी गर्दी, या गोष्टी हव्या असतील तर त्या पुण्यातच ठेवून या.

मुलगी सहावीत आहे म्हणजे वेळ फार नाही. आली तर येत्या शैक्षणिक वर्षाला, सातवीला यावी. आठवी-नववीत बोर्ड आणि मैत्रिणी एकदम बदलणं मुलांना जड जातं. या वर्षी जमलं नाही तर सरळ दहावी होऊ द्या. तिची शाळा कुठल्या बोर्डाची आहे ते तुम्ही लिहिलं नाही. इथे तेच बोर्ड मिळतंय का आणि सत्र एप्रिलला सुरू होतं की जूनला, हे आधी बघा, नाहीतर मध्ये दोन महिने मुलगी इकडची ना तिकडची होईल. आणि तिला विचारा. अकरा वर्षांच्या मुलीला मत असतं.

दिवाळीत येऊन सांगली बघू नका. दिवाळीत सगळीच गावं गोड असतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात या, दुपारी दोनला घर बघा. मग ऑगस्टमध्ये आठ दिवस या, तिघंही, आणि ते आठ दिवस पाहुण्यासारखे नाही तर राहत्या माणसासारखे काढा. तुम्ही लॅपटॉप उघडा, वीज किती वेळा जाते ते लिहून ठेवा, इंटरनेट कुठल्या कंपनीचं नीट चालतं ते वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. कंपनीकडून घरून कामाची मुभा ईमेलवर घ्या, मॅनेजरच्या तोंडी शब्दावर ट्रक भरू नका. वाकडचा फ्लॅट विकायचा नाही. लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं करा. अकरा महिन्यांनी परत जायचं झालं तर कुणाला तोंड दाखवायला लाजायचं कारण नाही.

आता खालच्या दोन ओळी लिहिणाऱ्या तुमच्याशी बोलते. तुमच्या पत्रात तुम्ही ‘नको’ असं कुठेच म्हटलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलंय. तुम्हाला विचारायचं राहून गेलं, एवढंच तुम्ही म्हणताय. पेरोलचं काम इथे आहे. कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतले कारखाने आहेत, मिरजेची मोठी हॉस्पिटलं आहेत, सीएंच्या फर्म आहेत, साखर कारखाने आणि पतसंस्था आहेत. पगार पुण्याएवढा नाही, बऱ्याच ठिकाणी निम्माच हातात येईल, आणि शनिवार पूर्ण भरावा लागेल. पण साडेबावीसचा आकडा तुमच्या हातात आहे, आणि आजची कंपनी तुम्हाला घरून काम द्यायला कितपत तयार आहे हे तुम्ही अजून विचारलेलं दिसत नाही. आधी ते विचारा. पेरोल हे कॉम्प्युटरवरचंच काम आहे, आणि नवऱ्याला मिळाली ती मुभा तुम्हाला मिळू नये असं काही नाही. नाही म्हणाले तर तुमचा बायोडाटा मला पाठवा. माझ्यासोबत निवृत्त झालेल्या दोघीतिघी इथल्या ऑफिसांत अजून हिशेब बघतात, त्यांना दाखवते. घर बघण्याआधी हे काम करू. आणि ऑगस्टमध्ये याल तेव्हा एक दुपार माझ्याकडे या, दोघीच बसू, भडंग करते.

तुमची,
काकू